चाकाचा नट किती आवळावा?

मंडळी, प्रश्न साधा आहे: जे प्राणांहून प्रिय, ते किती घट्ट धरावे? पूर्वपक्ष म्हणतो, जितके घट्ट तितके सुरक्षित. माझा या पक्षाशी वाद आहे! ऐका.

घाटाखालच्या एका गावी केरबा शेलार नावाचे गृहस्थ. दारात वीस वर्षांची जीप. सून मालन माहेरी बाळंत झालेली, आणि माहेर घाटावर! तिला नि सव्वा महिन्याच्या नातवाला घरी आणायचे. पण जीपची पुढची चाके घूंऽऽ करू लागलेली. यासीन मेस्त्रींनी झिजलेली बेअरिंगे बदलली, ग्रीस भरले, नट आवळला, चाक फिरवले — आणि नट किंचित सैल केला!

"अहो मेस्त्री! आवळलेला नट सोडता? माझा नातू बसायचाय यात!"

"काका, बेअरिंगला फिरायला जागा नको? वर पिन मारतो. नट कुठे पळतोय?"

पटले? छे! घरी येऊन केरबांनी पिना काढल्या, पान्यावर उभे राहून दोन्ही चाकांचे नट करकचून आवळले. प्रेमाने हो! द्वेषाने कोण एवढे कष्ट घेतो?

दुसऱ्या दिवशी घाट चढले, सून-नातवाला घेऊन परत निघाले. घाटमाथ्यावर मालन म्हणते, "मामंजी, जळका वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल."

"पुढे ट्रक कुठाय?"

जीप थांबवायला लावून ती उतरली. ओल्या बोटांनी तव्यावर शिंपडावे तसे चाकाच्या मध्यावर पाणी शिंपडले — चर्रर्र!

समोर अकरा वळणांचा उतार, मागे तान्हे लेकरू! केरबांनी मेस्त्रींना फोन लावला.

"काका, नट आवळलात?"

"आवळला बाबा! दोन्ही!"

"जीप हलवू नका. येतो."

यासीन आले, चाके उघडली. बेअरिंगे तापून निळी! आणखी दोन वळणे, आणि चाक जाम झाले असते. नवी बसवली, नट आवळला, आणि पाना केरबांच्या हाती दिला. "आता सैल तुम्ही करायचा." ज्या हाताने करकचून आवळला, त्याच हाताने, मंडळी! केला सैल. जेमतेम एक पेर. तसाच दुसराही, आणि मेस्त्रींनी वर पिना मारल्या.

घाट उतरला, नातू झोपेतच. अंगणात केरबांनी असा श्वास सोडला, की मालन हसली, "मामंजी, माथ्यापासून कोंडून धरला होतात की काय?"

म्हणून माझा सिद्धान्त: सैल म्हणजे बेफिकीर नव्हे. पिन हवीच! पण जे फिरण्यासाठीच आहे, त्याला फिरण्यापुरती जागा देणे, हेही धरणेच आहे. आणि तुम्ही? लेक वसतिगृहात पोहोचते न पोहोचते तोच चार फोन! अहो पुढचे गृहस्थ, तुम्हालाच म्हणतोय, ठेवा तो खिशात! देवालासुद्धा नवसांनी आवळता! आवळल्या मुठींनी टाळी वाजते का? उघडा हात! बोला — विठ्ठल!