माझगावच्या चिनी वैद्यांची कबुली

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. खरा जाणता कोण? ज्याचं कधीच चुकत नाही तो? असा कोणी इथं असेल तर हात वर करा... बघा, एकही हात नाही! आणि घरी गेलो की मात्र आपलं कधीच चुकत नाही. खरं की नाही, बायकोला विचारा — नको, राहू द्या. ऐका.

माझगावात पूर्वी लियांग नावाचे चिनी वैद्य राहायचे. आजोबा गोदीत सुतारकामाला आले आणि इथलेच झाले. वैद्यांचा जन्म माझगावचा, मराठी तुमच्या-आमच्यासारखी. विद्या मात्र बापाकडून आलेली, चीनची. जीभ बघायची, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघायची, मग मुळ्या, साली, वाळलेली फुलं कागदात बांधून द्यायची. तरुण पोरापोरींच्या तोंडावर मुरमं येतात ना, त्यावर त्यांच्या काढ्याचा मोठा लौकिक. आणि कडू किती? कारल्यानं मान खाली घालावी!

त्यांच्याकडे आली शालन खानविलकर. वय बावीस, पहिलीच्या वर्गावर बाई. तिची मुरमं साधी नव्हेत — गालांवर, हनुवटीवर खोल, ठणकणाऱ्या गाठी. लाजेनं ती तोंडावर पदर धरून शिकवायची. आता सांगा, ओठ दिसल्याशिवाय पोरांना 'ब' आणि 'व' कळायचा कसा? मुख्याध्यापकांनी गणपतीनंतर तिला रजेवर पाठवलं. जूनमध्ये उघड्या तोंडानं उभी राहिलीस तर नोकरी तुझी, म्हणाले.

वैद्यांनी तिची झोप विचारली, पोट विचारलं, पाळी विचारली. अंगात उष्णता साठलीय म्हणाले. गोड, तळलेलं बंद. काढा दोन वेळा. शालननं सगळं पाळलं. भावाच्या साखरपुड्यात पंगतीला जिलबी वाढली, पण स्वतः चाखली नाही.

दोन महिने झाले. गाठी वाढल्याच.

मंडळी, परीक्षा इथं आहे — पोरीची नाही, वैद्यांची. बाकावर आठ-दहा माणसं बसलेली. सोपं काय? पथ्य मोडलंस म्हणायचं, मोकळं व्हायचं. वैद्यांचा मुलगा तेच पुटपुटला. शालनही रडवेली होऊन म्हणाली की माझंच काही चुकलं असेल.

वैद्यांनी पुन्हा जीभ बघितली, नाडी बघितली, बराच वेळ. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तुमचं काही चुकलं नाही. माझं औषध चुकलं. हे दुखणं माझ्या हाताबाहेरचं आहे, आणि ते मला महिन्यापूर्वीच कळायला हवं होतं."

बाकावरचे दोघे उठून गेले. वैद्यांनी बघितलं, आणि जाऊ दिलं.

दुसऱ्या सकाळी ते स्वतः तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. दिलेल्या प्रत्येक मुळीचं नाव कागदावर लिहून. दोन तास रांगेत उभे! कातडीच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या नातीच्या वयाच्या. त्यांच्यापुढे कागद ठेवून वैद्यांनी विचारलं की यातलं काय थांबवू? आणि मग म्हणाले, "असं दुखणं पहिल्याच दिवशी कसं ओळखायचं, तेवढं मला शिकवा."

सत्तरीचा माणूस, मंडळी. बाईंनी उठून त्यांना खुर्ची दिली, आणि शिकवलं.

शालनला बरं व्हायला सहा-सात महिने लागले. गालांवर चार खड्डे राहिले ते राहिलेच. पण जूनमध्ये ती पदर खांद्यावर टाकून वर्गात उभी राहिली, ओठ मिटून उघडून 'ब' म्हणाली, आणि चाळीस पोरं तिच्या तोंडाकडे बघत 'ब' म्हणाली.

वैद्य काढा देत राहिले, हलक्या मुरमांवर. गाठ दिसली की पहिल्याच दिवशी दवाखान्याची चिठ्ठी. गिऱ्हाईक घटलं, तरी त्यांचा क्रम बदलला नाही. काय हा माणूस!

आणि आपण? पोरगं नापास झालं — त्याचाच आळस. सून आजारी पडली — तिचंच खाणं. आपला काढा चुकला असेल, हे मनात तरी येतं का? आता तुम्ही इथं डोळे मिटून देवाला 'चुकलो' म्हणाल. ते सोपं आहे, तो कुणाला सांगत नाही. ज्याला दोष दिलात त्याच्यासमोर म्हणा, चार माणसांत म्हणा. देव कुठं जात नाही. तुम्ही आधी घरी जा.