देवासच्या दोन हत्तींचे पाय

मला एक सांगा बायांनो, हत्तीला पाय किती असतात? ...हसू नका, सांगा! चार ना? तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, आमच्या घरच्यांना तर ठाऊक असायलाच हवं, ते धारच्या फीलखान्यात कारकून, माणसांपेक्षा हत्तींच्यातच जास्त वावरतात... आणि तरी माझ्या लेकीच्या रुखवतातले दोन्ही हत्ती बिनपायांचे! का, ते मला कोणी विचारू नका असं मी शंभरदा सांगितलं, पण जी हळदीकुंकवाला येते ती कपाळ पुढे करायच्या आधी तेच विचारते. "अक्का, यंदा गौरीपुढे हत्ती नाही मांडलात?" "अक्का, ते देवासला गेलेले हत्ती म्हणे लंगडे होते?" लंगडे! अहो, लंगडा म्हणायला निदान एक पाय तरी लागतो!

बसा. पन्हं घ्या, डाळ घ्या, आणि एकदाच ऐकून घ्या, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

आमच्या सुमंगलेचं लग्न फाल्गुनात झालं, देवासचं स्थळ, हे तुम्हाला माहीत आहे. बोलणी झाली त्या दिवशी विहीणबाई, म्हणजे जानकीबाई, सुपारी कातरता कातरता काय म्हणाल्या असतील? "रुखवत काय, आजकाल सगळे इंदूरच्या बाजारातून उचलून आणतात, तुम्हीही आणा." उचलून आणा! मी! जिच्या चैत्रगौरीची आरास बघायला नालछ्याहून गाडी जुंपून बाया येतात, ती मी! माझा पदर असा खांद्यावरून घसरलाच रागाने. मी म्हटलं, "विहीणबाई, आमच्याकडे विकतचं काही नाही हो, सगळं या हातांचं!"

बोलले खरी. आता करायचं काय? म्हटलं, वरात करू. आख्खी देवासची वरात! बोटबोटभर बाहुल्या, पालखी, शिंगवाले, अबदागिरी, आणि सगळ्यांच्या पुढे सरकारचा हत्ती. हे ऐकून आमच्या घरच्यांनी जेवताना घास हातात धरला. "कुठल्या सरकारचा?"

बघा, तिथेच मेख. देवासला सरकार दोन! थोरली पाती नि धाकटी पाती. गाव एकच, टेकडी एकच, पण रस्त्याच्या या अंगाला एका महाराजांचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्या महाराजांचा. आणि आमचे व्याही बळवंतराव थोरल्या पातीत चाकरीला, तर नवऱ्या मुलाचे मामा, विहीणबाईंचे सख्खे भाऊ खंडोजीराव, ते धाकट्या पातीत! एकाच पंगतीला बसतात, पण पंगतीत पहिलं वाढायचं कुणाला यावर भात निवतो. मी म्हटलं, काही हरकत नाही, दोन हत्ती करते. अगदी जोडीचे. एका मापाचे, एका रंगाचे, खांद्याला खांदा लावून चालणारे. कुणाला बोलायला जागाच नको!

आता तुम्हाला वाटेल, हत्ती करणं म्हणजे काय, मातीचा गोळा घेतला नि सोंड ओढली. छे! माती जड, देवासपर्यंत दमणीत आदळून आदळून जायचं, सोंड वाटेत महूलाच राहायची! कागदाचा लगदा हवा, लगदा. आधी रद्दी कागद फाडायचा, हाताने, कात्रीने नव्हे, कात्रीने कापलेल्याच्या कडा शेवटपर्यंत नडतात. मग घंगाळात भिजत घालायचा नि रोज पाणी बदलायचं. वास? येतो की! आमच्या घरचे नाकाला उपरणं लावून घरभर फिरले, "अगं, लग्नघरात उंदीर मेलाय कुठेतरी!" म्हटलं, मेला नाही, त्याचा हत्ती होतोय! मग उखळात कुटायचा, लोण्यासारखा होईतो, आणि त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालायच्या, म्हणजे चिकटही होतो नि कसरही लागत नाही. मग बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, सुतळीने आवळलेला, त्यावर चिंध्या, त्यावर लगद्याचा थर, पातळ, पोळीवर तूप लावतो तसा... आणि तो सावलीत वाळला की मगच दुसरा. उन्हात ठेवलात की तडकलाच! घाई करणारीचं हे काम नव्हे. वर खडूची पूड नि डिंकाचं पाणी, आणि मग कवडीने घोटायचं, घोटायचं, घोटायचं, मनगटाचं पाणी झालं तरी घोटायचं, तेव्हा कुठे हत्तीच्या पाठीवर अशी चकाकी येते, की माशी बसली तर घसरेल!

शेजारच्या गेंदाबाई रोज डोकवायच्या. पहिल्या थराला म्हणाल्या, "अक्का, यो हाथी हे के भैंस?" मी लगदा लावत राहिले. दुसऱ्या थराला, "अक्का, यो सूंड हे के पूंछ?" तरी माझे हात चालूच. डोळ्यांचंच बघा, आधी गुंजा बसवल्या तर हत्ती असा लालबुंद संतापलेला, जसा काही आत्ता मांडवच उपटणार. त्या काढून मोहरी लावली तर पेंगुळलेला. शेवटी काळी मिरी बसवली आणि काय सांगू, हत्ती माझ्याकडे बघायला लागला! नखांना खरबुजाच्या बिया, एकेक निवडून. दात भेंडाचे, बाशिंगाला लावतात त्या पांढऱ्या हलक्या गाभ्याचे. शेपटीला माझ्याच गंगावनातलं चार बोटं. अंगावर झूल, ती महेश्वरी लुगड्याच्या काठाची, पार गुडघ्यापर्यंत. आणि बाहुल्यांच्या पगड्या! पगडी बाहुल्याच्या डोक्यावर बांधायची नाही बरं का, ती चुकते. खळ लावलेली ओली पट्टी आपल्या करंगळीच्या टोकावर बांधायची, वाळली की अलगद उतरवायची नि मग बाहुल्याला चढवायची. गेंदाबाईंनी एक पगडी डोळ्यांशी धरून बघितली. मग हळूच म्हणाल्या, "कोणसे बजार से लाई, अक्का?" अहो, माझ्यासमोर बसून सगळं बघितलं तरी! विकतचं काही नाही हो, सगळं या हातांचं!

दोन्ही हत्ती एकाच दोऱ्याने मापले. पायापासून अंबारीच्या कळसापर्यंत. दोऱ्याला एका ठिकाणी गाठ, दोघांचा कळस त्या गाठीला! आमच्या घरच्यांनी डोळ्यांना चष्मा लावून मागून पुढून पाहिलं, आणि ज्या माणसाने लग्नापासून आजवर माझ्या कशालाच चांगलं म्हटलं नाही, तो माणूस म्हणाला, "मागचे गुडघे बरोबर वळलेत." मी आत जाऊन डोळे पुसून आले.

लग्नाचा दिवस. गोरज मुहूर्त. दुपारी वऱ्हाड उतरलं, मी ओटीवर रुखवत मांडलं. गेंदाबाईंनी प्रेमाने सकाळीच ओटी सारवून दिली होती, बिचारीच्या मनात काही नव्हतं, पण शेण कमी पडलं म्हणून उजवी बाजू आधी सारवली नि डावी मागाहून. म्हणजे डावी बाजू... ओलसर! आणि डाव्या बाजूला उभा कोण? धाकट्या पातीचा हत्ती!

मी तिकडे पानाची तबकं बघतेय, जानकीबाई बाहुल्यांवर वाकून "अगंबाई, नथ सुद्धा!" म्हणतायत, चारी बाजूंनी बाया कौतुकाने माना डोलावतायत... आणि खंडोजीराव मामा आले. मिशीवरून बोट फिरवलं. बसले. एक डोळा मिटला, जसं काही बंदुकीचा नेमच धरतायत, आणि म्हणाले, "आमच्या सरकारांचा हत्ती खाली का?"

खाली? मी धावले. दोरा आणला, मापला... आणि खरंच हो! ओल पायांत चढून लगदा मऊ पडला, हत्ती खचला होता. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा! मी म्हटलं, "मामासाहेब, दाण्याएवढं तर आहे." ते म्हणाले, "अक्का, दाण्याएवढंच असतं सुरुवातीला. आज दाणा, उद्या दरबारात खुर्ची मागे! हत्ती सारखे होईस्तोवर मी काही भाच्याच्या पाठीशी उभा राहायचा नाही." आणि बसले की हो भिंतीला टेकून, मांडी ठोकून!

आता मामाच पाठीशी नाही तर अंतरपाट धरायचा कसा? भटजी ओरडतायत, "घटिका भरत आली!" घंगाळातलं घटिकापात्र असं हळूहळू बुडतंय, माझ्या डोळ्यांदेखत, आणि ही वेळ टळली तर पुढचा मुहूर्त थेट वैशाखात! माझी पोर आत गौरीहरापाशी अष्टपुत्री नेसून बसलेली, आणि मी इथे शालूचा पदर खोचून हत्तीच्या पायांखाली भेंडाच्या चकत्या चिकटवतेय! चिकटवल्या. मापलं. तर आता हा वर! बळवंतराव व्याही, एरवी इतके शांत, घसा खाकरून म्हणाले, "नाही, माझं काही म्हणणं नाही... पण थोरली पाती ती थोरली." म्हणजे म्हणणं आहे! मग त्या हत्तीला चकत्या. मग मामा, "आमचा जरासा..." मग याला. मग व्याही नुसतेच खाकरले. मग त्याला! बायांनो, हत्ती असे वाढत गेले की पायांखाली चकत्यांच्या चळती उभ्या राहिल्या, एक तर अंबारीसकट डोलायला लागला, आणि भेंड संपलं! संपलं तेव्हा मामांची नजर कुठे गेली माहीत आहे? नवऱ्या मुलाच्या बाशिंगाकडे! "त्यात आहे थोडं," म्हणाले! मुलाने दोन्ही हातांनी बाशिंग धरलं, आणि जानकीबाई, तीच सुपारी कातरणारी बाई, अशी कडाडली, "दादा, हात तर लावून बघ!"

आणि तेव्हा आतून आवाज आला. गौरीहरापासून उठायचं नसतं, ती उठली नाही हो, शहाणी पोर, हात जोडून बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आई, हत्ती उभे कशाला हवेत? दोघांनाही बसव. पाय काढ नि झूल जमिनीवर सोड."

पाय काढ! खरबुजाच्या बियांची नखं असलेले पाय! ज्यांच्या मागच्या गुडघ्यांना आमच्या घरच्यांनी बरोबर म्हटलं ते पाय! मी आमच्या घरच्यांकडे बघितलं. ते कुजबुजले, "हत्ती असा बसत नाही, मागचे पाय मागे पसरतो, लोक विचारतील पाय गेले कुठे..." मी म्हटलं, "झुलीखाली गेले म्हणा!" विळी घेतली, माझ्या उजव्या पायाखाली धरली, डोळे मिटले नि... कर्र! गेंदाबाई किंचाळल्या, "हाय राम, हाथी का पग काटी दिया!" एकेक करून आठही उतरवले. झूल पसरली. दोऱ्याला नवी गाठ मारून मापलं. दोघांचा कळस त्या गाठीला! खंडोजीराव पुन्हा एक डोळा मिटून बसले, आणि सगळं लग्न त्यांच्या दुसऱ्या डोळ्यावर टांगलेलं... मग उठले. मिशीवरून बोट फिरवून म्हणाले, "बसला तर काय झालं, नवरा-नवरीला मुजरा करतोय आमचा हत्ती." लगेच व्याही म्हणाले, "आमचा जरा अदबीने करतोय." आणि दोघंही उठून गेले मुलाच्या मागे उभे राहायला!

घटिका बुडायला आणि अंतरपाट दूर व्हायला एकच गाठ पडली. अक्षता टाकताना माझ्या बोटांना डिंक, अर्ध्या अक्षता माझ्याच हाताला! पण तुम्हाला सांगते, त्या वेळी मला हत्तींचं काही वाटलं नाही. चाळीस माणसांच्या गोंधळात ज्या पोरीचं डोकं ठिकाणावर राहिलं ना, ती कुठल्या बाजारात मिळत नाही. तिला लगदा मळायला मी बसवलं, कवडी तिच्या हातात मी दिली, आणि तीसुद्धा, माझ्या बायांनो, विकतची नाही हो, या हातांचीच!

जानकीबाईंनी जेवताना मला पहिली शाबासकी दिली. म्हणाल्या, "अक्का, पोर बरी शिकवलीत." हत्तींबद्दल अवाक्षर नाही. तेवढं चालायचंच.

पाय मी एका सुपात ठेवले होते, देवघराच्या खाली. टाकवेनात हो. कुठले कुणाचे तेही आता ओळखू येईना, सगळे सारखेच, मीच केलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघायच्या आधी खंडोजीराव मामा मागच्या दाराने आले आणि आपल्या हत्तीचे म्हणून चार पाय रुमालात बांधून घेऊन गेले. बळवंतराव व्याही त्यांच्या आधीच येऊन गेले होते.