कैताराची जागा

हॅलो?… हॅलो, कोण?… रोतिया? अगं, आईच बोलतेय. जरा मोठ्याने बोल, बेटावरून आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो… हं, आता येतंय ऐकू.

काय झालं? रडतेस कशाला? बाबा बरे आहेत ना?… मनेआबात आहेत? मग त्यात रडायचं काय? निवडणूक आली की गावच्या त्या सभाघरात जायचं, म्हाताऱ्यांपुढे तंबाखू ठेवायची, तेच भाषण ठोकायचं. अठ्ठावीस वर्षं हेच तर… कोण?… इओबी? आपला इओबी? तो कधी आला तिकडे?

थांब. अगं थांब ना, दम घे. पहिल्यापासून सांग.

… हो… हो… उभा राहिला… भर मनेआबात?… म्हणजे सगळं गाव बसलेलं असताना? आणि म्हणाला काय?… परत सांग. शब्दन् शब्द सांग.

… "मामा, मी बुबूती घालतो. संसदेतली तुमची जागा मला द्या." असंच? बुबूती म्हणाला?

मग संपलंच गं.

नाही, तू ऐक. घरी येऊन कानाशी लागला असता तर हसण्यावारी नेलं असतं. चार लोकांत आपल्याच माणसाने बुबूती घालून मागितल्यावर नाही म्हणायची सोय आहे का आपल्यात? नाही म्हटलं तर तुझ्या पोरांनासुद्धा ऐकून घ्यावं लागेल, हे त्या कंजूस कैताराचे नातू म्हणून… हो, माहितीय गं, माझ्याच घरात वाढला तो. सहा वर्षं माझ्या हातचा भात खाल्लाय. शाळेची फी बाबांनी भरली. त्याला बरोबर ठाऊक आहे मामा कुणाला नाही म्हणत नाहीत ते. माझं शिलाईमशीन असंच गेलं. होडीचं इंजिन गेलं. संसदेत घालायचे बूट गेले, वर्षभर चपला घालून अधिवेशनाला जात होते. पण खुर्चीच कुणी मागेल, असं नव्हतं वाटलं मला.

… ते काय म्हणाले?… खाली बघतायत… मग तू बाहेर कशाला आलीस? आत जा. नाहीतर असं कर, खांबाआडून बघत राहा आणि मला सांग. ठेवू नकोस फोन. डॉक्टर माझा हा पाय जमिनीला टेकू देत नाहीत, नाहीतर मी इथे बैरिकीच्या दवाखान्यात पडून राहिले असते होय?

… नाही गं, खुर्चीचं दुःख नाही मला. गेली तर गेली. एकाहत्तर वर्षांचे झालेत. धक्का बांधला, पाण्याच्या टाक्या आणल्या, अकरा महिने मंत्रीही होते, आता किती वेळा निवडून यायचं?… मग भिते कशाला म्हणजे?

रोतिया, आजूबाजूला कुणी आहे?… बरं. आजवर बोलले नाही तुझ्याशी हे.

बाबांच्या आधी आपल्या बेटाचे खासदार उरियाम होते. पाच वेळा निवडून आलेले… हो, तेच, समुद्रात गेले ते. त्यांची जागा बाबांनी मतांनी नाही घेतली आधी. त्याच मनेआबात उभे राहिले, त्रेचाळीस वर्षांचे होते, आणि हेच शब्द बोलले. मी तिथे होते, तू माझ्या पोटात होतीस. उरियाम हसले. "घे," म्हणाले. एवढंच. मग सगळ्यांबरोबर जेवायला बसले, आपल्या ताटातलं माशाचं डोकं काढून बाबांच्या ताटात वाढलं. दुपारी कुणाची तरी होडी मागून घेतली, मासे धरायला म्हणून एकटेच गेले.

… वारा फिरला, असं गाव म्हणतं. रिकामी होडी तिसऱ्या दिवशी सापडली, खरं काय ते मला विचार. गळाची दोरी सोडलेलीसुद्धा नव्हती, गुंडाळलेली तशीच.

… नाही, बाबा कधी बोलले नाहीत. पण ते झोपेत "अध्यक्षमहोदय" म्हणतात आणि तू हसायचीस ना? त्याच्यानंतर ते उरियामचं नाव घेतात. ते तुला ऐकू जायचं नाही. मला जायचं.

… काय? उठले?… काय बोलतायत? बघून सांग ना.

… हसले?

… "घे." आणखी?… आणखी काहीच नाही?… हो, येतायत ऐकू टाळ्या. वाजवू देत.

आता काय करतायत?… जेवायला बसले… इओबीला शेजारी बसवलं… काय वाढलं?… काय वाढलं म्हणालीस?

अगं देवा.

नाही, मी आहे. आहे इथेच. रोतिया, मी सांगते तसं कर. तुझ्या नवऱ्याला गाठ, म्हणावं होडी लपव… का?… आधीच मागितली?… आणि त्याने दिली. तो तरी काय करणार, सासऱ्याने मागितल्यावर. "मासे आणतो" म्हणाले?… पोरी, आज कोण खाणार आहे मासे, सगळं गाव जेवायला बसलंय.

… त्यांना विचारू नकोस. विचारलंस तर हसतील, गालावर हात फिरवतील आणि जातील. आडवी पडलीस तरी तुला उचलून बाजूला ठेवतील. घरातल्या घरात सांगितलेलं ऐकत नसतात ते, मी संसार केलाय त्यांच्याशी.

ऐक. फोनचा आवाज मोठा करता येतो ना, सगळ्यांना ऐकू जाईल असा?… कर. आणि आत जा. मधोमध जा, म्हाताऱ्यांच्या पुढ्यात, आणि फोन चटईवर ठेव… माहितीय मला, तिथे बायकांनी बोलायचं नसतं. मी कुठे तिथे आहे? मी बैरिकीत आहे. फोनला काय बाहेर काढणार आहेत?… रागावू देत. जा, बाळा. ते निघायच्या आत जा.

… ठेवलास?… आवाज येतोय का सगळ्यांना?

कम ना मौरी, वडीलधाऱ्यांनो. मी कैताराची बायको बोलतेय. चुकत असेन तर माफी असावी, नंतर काय दंड करायचा तो करा… नाही, मला पुरं बोलू द्या.

अठ्ठावीस वर्षं या घरातून ज्याने जे मागितलं ते नेलं. मी कधी काही मागितलं नाही. गावाकडेही नाही, नवऱ्याकडेही नाही. आज मागते. सगळ्यांसमोर बुबूती घालते.

अहो, ऐकताय ना? तुम्ही त्या जागेचे होतात, ती दिलीत. चांगलं केलंत. आता जे उरलंय ते मला द्या. सगळंच्या सगळं. त्यातलं थोडंही समुद्राला द्यायचं नाही.

…

…

हॅलो?

रोतिया, ते कुठे आहेत?… उभे आहेत?… दाराकडे तोंड करून? अजून वळले नाहीत?

इओबी, तू आहेस ना तिथे? ऊठ. मामाचा हात धर. उरियामचा हात तुझ्या मामाने धरला नव्हता, लाजला तो, आणि उभा जन्म त्याचं काय झालंय ते मी बघितलंय. तू धर.

… धरला?

… वळले?… अहो? मला नका सांगू. मला घरी कितीदा हो म्हणालात. त्यांना सांगा, मोठ्याने.

…

हं.

… ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. आता तुमचा शब्द त्यांच्यापाशी आहे.

… त्यांना इकडे यायला विमान कधी आहे?… शुक्रवारी. आणि आज मंगळवार.

रोतिया, फोन उचल. आता तू एकटीच ऐकतेयस ना?… ते घरी आले की फोन चार्जिंगला लाव आणि त्यांच्या उशाशी ठेव. बंद करू नकोस… नाही, बोलायचं काही नाही मला. बिल होऊ दे. ते कूस बदलतात तेव्हा खोकतात, तेवढं ऐकू आलं तरी पुरे.

… तू ठेव गं, तू जेवून घे. मी नाही ठेवत.