दिवा मालकाच्या देखत

गलाई, म्हणजे सोनं गाळायचं काम, मी पळून जाऊन सोडली असं मामांनी इन्स्पेक्टर साहेबांना सांगितलं, ते बरोबर नाही. सांगून सोडली. दोनदा सांगितलं होतं, मामांनी मनावर घेतलं नाही एवढंच. पोलीस स्टेशनात आल्या आल्या त्यांनी पहिलं तेच काढलं, की हा पोरगा एका जागी टिकत नाही, म्हणून हे झालं. तर आधी ते लिहितो आणि मग बाकीचं.

नाव शहाजी नारायण लवटे, वय वीस, शिक्षण आठवी, काम मोटार दुरुस्ती. मूळचा तालुका आटपाडी, जिल्हा सांगली. सध्या राहायला वेस्ट मांबलम, चेन्नई, अनंतकृष्ण अण्णांच्या गॅरेजवरच्या खोलीत. तमिळ मला बोलता येतं, लिहिता येत नाही. हेड कॉन्स्टेबल वेंकोबा राव हे तंजावरकडचे मराठी आहेत. त्यांनी साहेबांना विचारून मला माझ्या भाषेत लिहायची परवानगी काढून दिली, ते पुढं तमिळमध्ये उतरवणार आहेत. त्याबद्दल त्यांचे उपकार. स्वतः हजर राहून लिहून देतो, कुणी शिकवलेलं नाही.

मामा म्हणजे गुंडो मामा, आईचे सख्खे भाऊ. त्यांचं इथं चेन्नईतच सौकारपेठेत सोनं गाळायचं दुकान आहे. वडील गेल्यावर त्यांनी मला शाळेतून काढून इकडं आणलं. चार वर्षं मी त्यांच्या भट्टीवर बसलो. काम वाईट नव्हतं, पण एका जागी बसून माझे पाय वळवळायचे. समोरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की मी उठून धक्का मारायला जायचो आणि बोनेटमध्ये बघत बसायचो, इकडं भट्टीवर सोनं वितळवायची मूस तापून जायची. शेवटी गॅरेज धरलं. त्या दिवसापासून मामा माझ्याशी बोललेले नव्हते. गावाकडून आईचा निरोप असला तर दुकानातल्या दुसऱ्या माणसाकरवी यायचा.

अण्णांच्या गॅरेजात मी जुन्या गाड्यांचे दिवे बघतो. गाडीत काही बिघडलं की स्टिअरिंगसमोर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथं वायर लावून लॅपटॉपला जोडली की गाडी आपलं दुखणं सांगते. त्याच लॅपटॉपवर एक बटण दाबलं की दिवा विझतो. विझवणं सोपं आहे, लहान मूलही विझवील. पण दुखणं आत तसंच राहिलं तर दिवा काही दिवसांनी परत येतो. जुन्या गाड्यांचे दलाल नेमके त्याच काही दिवसांसाठी येतात. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार असतं, दुपारी येऊन म्हणतात, तेवढा दिवा घालव.

आमच्याकडं ते होत नाही. आमच्याकडं दिवा गाडीच्या मालकाच्या देखत विझवायचा, आणि बटण मालकानं दाबायचं. आधी दुखणं काढायचं, निघालेला जुना भाग मालकाच्या हातात द्यायचा, मग बटण. दलाल लोक अण्णांना हसतात, दिवा विझवायला काय मुहूर्त लागतो का म्हणतात. धंदा थोडा कमी होतो, पण अण्णांनी हे मोडलेलं नाही.

आता तक्रारीचं. आमच्या गल्लीच्या मागं शशिकला अक्का राहतात, त्याही तंजावरच्या मराठी. त्यांच्या यजमानांची सोळा वर्षांची पेट्रोल गाडी होती. यजमान वारल्यावर गाडी उभीच होती, आणि चालू केली तर इंजिनचा दिवा लागायचा. एका दलालानं त्यांना सांगितलं, इंजिन गेलं, भंगाराच्या भावात देऊन टाका. अक्का माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "दिवा कां जळतो तें आधीं सांग रे बाळ. विझवणं मग." बघितलं तर इंजिनला काही झालेलं नव्हतं. धुराच्या पाइपातला सेन्सर मेला होता. नवा बसवला, जुना अक्कांच्या हातात दिला, त्यांनी तो कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. बटण त्यांनीच दाबलं. बोट इतकं हलकं ठेवलं होतं की दोनदा दाबावं लागलं. त्यानंतर महिनाभर गाडी गल्लीतून फिरत होती, दिवा आला नाही.

मग ती गाडी हेरंब साहेबांनी घेतली. ते पुण्याकडचे, इथं सिरुसेरीला कंपनीत कामाला आहेत. घेताना ते गॅरेजात आले होते, मी मराठी बोलतो म्हणून खूश झाले, चहा पाजला. खंडेनवमी झाल्यावर चौथ्या दिवशी गाडी थरथरायला लागली आणि दिवा परत लागला. कुणीतरी त्यांना सांगितलं की गॅरेजवाले लॅपटॉपनं दिवा विझवून गाडी खपवतात. त्यांनी माझ्यावर आणि अण्णांवर फसवणुकीची तक्रार दिली. मला ते फोनवर एकच वाक्य बोलले, "निदान आपल्या माणसाला तरी सोडायचं होतंस." रात्री जेवलो नाही.

काल सकाळी अण्णांना आणि मला इथं बोलावलं. साहेबांनी सांगितलं की तक्रार खरी निघाली तर गॅरेजला कुलूप लागेल. अण्णांचं वय झालंय, त्यांना दुसरं काही येत नाही, आणि मुलीचं लग्न ठरलंय. मुलाकडच्यांनी स्टेशनाचं ऐकलं तर काय होईल ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण बाकावर बसून ते चष्मा काढून पुसत होते, पुन्हा घालत होते. माझं म्हणाल तर मला परत भट्टीवर जावं लागलं असतं. मामांना कुणी कळवलं ठाऊक नाही. ते दुकान बंद करून आले. मामांनी आमच्या गावच्या मोठ्या सणाला, मोहरमलाही दुकान बंद ठेवलेलं मी बघितलेलं नाही.

शशिकला अक्कांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपल्या आपण आल्या आणि जुना सेन्सर साहेबांच्या टेबलावर ठेवून बसल्या. साहेब म्हणाले, हा भाग त्याच गाडीचा कशावरून. ते बरोबर होतं.

हेरंब साहेब गाडी घेऊन आले. बरोबर त्यांच्या आई कौमुदीबाई होत्या, दसऱ्यासाठी पुण्याहून आलेल्या. इन्स्पेक्टर साहेब मला म्हणाले, लाव तुझी वायर. मी म्हणालो, मालक आत बसल्याशिवाय लावणार नाही. हेरंब साहेब चिडले, म्हणाले आता कसला मालक आणि कसलं काय, लाव. मी वायर हातात धरून उभा राहिलो. शेवटी साहेबांनीच त्यांना आत बसायला सांगितलं.

वायर लावली. सेन्सरची तक्रार नव्हती. गाडी सांगत होती की इंजिनमध्ये जास्तीची हवा शिरते आहे, पेट्रोल त्या मानानं कमी पडतंय. म्हणजे कुठलं तरी भोक उघडं. मी सगळ्यांच्या देखत बोनेट उघडलं. आत झेंडूची माळ होती, सुकलेली. इंजिनमधलं ऑइल बघायची एक लांब पट्टी असते, तिच्या वरच्या टोकाला पिवळी कडी असते. माळ त्या कडीला बांधली होती आणि दोऱ्याचे वेढे कडीखाली आल्यामुळं पट्टी पूर्ण खाली बसलेली नव्हती. बोटभर वर होती. हवा तिथून शिरत होती.

मी काही बोलायच्या आत कौमुदीबाई पुढं आल्या. म्हणाल्या, "ही मी बांधली. खंडेनवमीला. ती कडी मला हार अडकवायलाच केलेली वाटली." आमच्याकडंही नवमीला हत्यारं, यंत्रं, गाड्या पूजतात, आणि इथं तर सगळी चेन्नईच आयुधपूजा करते, चंदन-कुंकू लावते. त्यांचं मन वाईट नव्हतं, लेकाच्या पहिल्या गाडीला त्यांनी आतून सुद्धा हार घातला. आणि भर स्टेशनात, सगळ्यांसमोर, लपवाछपवी न करता त्यांनी ते सांगितलं. गप्प राहिल्या असत्या तर आम्ही काय करणार होतो. मी त्यांच्या पाया पडलो.

माळ त्यांनीच सोडली. मी पट्टी खाली दाबली. चालू इंजिनची थरथर तिथल्या तिथं थांबली, ते गाडीला हात लावून उभ्या पोलिसांनाही कळलं. मग लॅपटॉप मी हेरंब साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, तुम्ही दाबा. त्यांनी दाबलं, दिवा गेला. वेंकोबा राव त्यांच्याबरोबर गाडीत बसून इथल्या समुद्रकाठच्या कोवलमपर्यंत जाऊन आले. येताना मासे घेऊन आले. दिवा आला नव्हता. आज सकाळी हेरंब साहेबांनी तक्रार मागं घेतली आणि मला म्हणाले की फोनवर बोललो ते मनात ठेवू नकोस. मी ठेवलेलं नाही.

तेवढ्यात, मामाही तिथंच बसलेले असताना, इन्स्पेक्टर साहेबांनी अण्णांना विचारलं, मालकाच्या देखत हा नियम तुम्ही कधीपासून ठेवला. अण्णा म्हणाले, माझा नाही, या पोराचा. मी आधी सगळ्यांसारखाच विझवत होतो. हा आला आणि मालक समोर नसला की याचा हातच पुढं होईना.

मग साहेबांनी मला विचारलं, तुला कुणी सांगितलं. मी म्हणालो, सोनं गाळताना गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय मूस भट्टीवर चढवायची नाही, असं मामांच्या दुकानात असतं. चार वर्षं तेच बघितलं. मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

वेंकोबा रावांनी हे मामांना नीट समजावून सांगायला घेतलं, पण मामांना आधीच कळलं होतं. ते उठून नळावर पाणी प्यायला गेले. बराच वेळ गेला तरी आले नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "लेका, गॅरेजात हात धुवायला साबण तरी देतात का? नखं बघ." एवढंच बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मामांबद्दल मी वर लिहिलं आहे की त्यांनी साहेबांना चुकीचं सांगितलं. ते तसंच राहू द्यावं, कारण सांगून सोडली हे खरंच आहे. पण त्यांच्यावर माझी तक्रार कुठलीच नाही, हेही त्याच्याखाली धरावं. अण्णांवर तर नाहीच. नातं ना गोतं, तरी दोन वर्षं त्यांच्या घरचा डबा खातो.

वरचं सगळं मी लिहिलं, वेंकोबा रावांनी साहेबांना तमिळमध्ये आणि मामांना मोठ्यानं मराठीत वाचून दाखवलं. माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, एक शब्द कमीजास्त नाही, म्हणून खाली सही करतो.

वाचून झाल्यावर साहेबांनी शेवटचं विचारलं, की गाडी चांगल्या भावात गेली त्यात शशिकला अक्कांकडून तुला काही मिळालं का, आणि पगार कुठं जातो. तेही लिहितो. अक्कांकडून मला एक डबा साखरभात मिळाला, तो अण्णांनी आणि मी खाल्ला. पगार आजच झाला आहे. आईला दर महिन्याला मी फोनवरून पाठवतो. मामा उद्या गावी जातायत, म्हणून या खेपेला फोनवरून पाठवत नाही. मामांच्या हाती देतो आहे, रुपये नऊ हजार.