न चाखता शिजवलेलं चिकन आणि तुटलेला शिवदारा

नाव: शिवकांता भ्र. रेवणसिद्ध हालकुडे, वय ५४ वर्षे, जात लिंगायत, धंदा ऑर्डरप्रमाणे पुरणपोळी व नैवेद्याचा स्वयंपाक करून देणे, रा. जुन्या तेलघाण्यामागे, लातूर.

मी आज मंगळवारी आपल्या पायांनी ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेलं नाही. साहेबांनी विचारलं तेवढं आणि विचारलं नाही तेही सांगते, ते असं की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. पती वारले आहेत. माझ्या घराची पुढची खोली बालाजी ग्यानोबा पवळे, मूळ राहणार लोहा, यास भाड्याने दिली आहे. बालाजी जिमच्या पोरांना बर्फातलं चिकन पुरवतो. त्यातही फक्त छातीचं मांस, ज्याला ही पोरं ब्रेस्ट म्हणतात. त्याची मोठी फ्रीजर-पेटी मागच्या अंगणात पत्र्याखाली आहे. माझं स्वयंपाकघर वेगळं, त्याची पेटी वेगळी. आम्ही जन्मात मांसमच्छी खाल्लेली नाही. खोली देताना मी त्याला हे सांगितलं होतं आणि त्याने ते पाळलं.

श्रावण लागायच्या तोंडावर बालाजीने पेटी गच्च भरून माल आणला. मी म्हणलं, "अरे, श्रावणात कोण खायलंय?" तर म्हणाला, "काकू, जिमची पोरं श्रावण पाळत नसतात, त्यांना प्रोटीन लागतंय." पोरं पाळत नसतीलही. त्यांच्या आया पाळतात, आणि गॅस आयांच्या ताब्यात असतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. श्रावण लागला आणि एकाही पोराने माल नेला नाही. पेटी तशीच भरलेली राहिली. मग बालाजी आईला भेटायला लोह्याला निघाला आणि रस्त्यात मोटारसायकल घसरून त्याचा पाय मोडला. तो नांदेडच्या दवाखान्यात आहे. पायात पट्टी टाकली आहे.

शनिवारी आमच्या गल्लीची डीपी जळाली. लाईट दोन दिवस येणार नाही असं कळलं. मी बालाजीला फोन केला. तो रडायलाच लागला. म्हणाला, "काकू, माझा सगळा धंदा त्या पेटीत हाय. पर तुमी हात नका लावू. गाडीवाला बोलवून फेकून द्या." साहेबांनी मला विचारलं की, मालकानेच फेका म्हणल्यावर तुम्हाला काय पडलं होतं? तर मला हे पडलं होतं की, त्या कोंबड्यांचा जीव एकदा घेऊन झालेला आहे. तो गटारात घालायचा म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा मारायचं. मी कोंबडी खात नाही म्हणून ती वाया घालवायचा हक्क मला कोणी दिला? आणि तो पोरगा माझ्या ओसरीत बसून वरण-भात खातो. मी आजारी होते तेव्हा डबा घेऊन तोच यायचा, भावकीतलं कोणी आलं नव्हतं. हे वाक्य गाळू नये.

मी शेजारच्या धुरपताबाई सूर्यवंशी यांना हाक मारली. त्या एरवी खातात, पण श्रावण कडक पाळतात. मी पेटी उघडून दाखवली. धुरपताबाई म्हणाल्या, "ह्याला ना हाड, ना चरबी. हे काय चिकन हाय व्हय? निस्ता कापूस. मऊ ठिवलं तर ठिवलं, न्हाई तर चप्पल." मला ते बघून दुधी भोपळा आठवला. दुधीलाही स्वतःची चव नसते, ती आपण द्यावी लागते. तेवढं मला येतं.

स्वयंपाक माझ्या घरात झालेला नाही. मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली. भगुनी, उलथनं, विळी, परात सगळं धुरपताबाईंचं. माझा एक चमचाही वापरला नाही. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या स्वयंपाकाचा जो फोटो फिरतो आहे त्यातलं भगुनं धुरपताबाईंच्या लेकीच्या लग्नातलं आहे, त्यावर नाव कोरलेलं आहे, वाचून घ्यावं.

कसं शिजवलं हे जबाबात लागत नाही असं साहेब म्हणाले. लागतं. माझ्यावर आळ आहे की मी चवीसाठी केलं. म्हणून कसं केलं ते लिहून घ्या.

वरचे तुकडे अर्धे सुटले होते, आत बर्फ होता. तेव्हाच पातळ कापून घेतले, कारण पूर्ण सुटलं की विळीवर घसरतं. त्याला हळद, मीठ, लसूण आणि दही लावून ठेवलं. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, कालवून रस्सा उकळत ठेवला आणि तुकडे अगदी शेवटी सोडले. आधी सोडले असते तर धुरपताबाई म्हणाल्या तशी चप्पल झाली असती. दुसरे तुकडे उकडून हाताने त्यांच्या तारा काढल्या आणि भरपूर कांदा, काळं तिखट अन् भाजलेल्या कारळाचा कूट घालून लोखंडी तव्यावर परतल्या. काही पाट्यावर बारीक करून, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीत कालवून, आपण वाटल्या डाळीचे वडे करतो तसे तळले.

राहिलेल्याचं लोणचं घातलं. लोणचं का, तर श्रावण सरेपर्यंत टिकावं आणि बालाजीला पायावर उभं राहिल्यावर विकता यावं. धुरपताबाईंचं माहेर देगलूरकडचं आहे, तिकडे असं लोणचं घालतात. तुकड्यांतलं सगळं पाणी आटेपर्यंत तेलात तळायचे, मोहरीची पूड, तिखट, लसूण घालायचा, गार झाल्यावरच लिंबू पिळायचं, वर तेल तरंगत ठेवायचं. रविवारी संध्याकाळी लाईट आली तशा भरलेल्या बरण्या पेटीत ठेवल्या. बालाजीने येऊन मोजून घ्याव्या.

मीठ बरोबर आहे का हे बघायला दोघींपैकी कोणालाच तोंडात घालता येत नव्हतं. मी लिंगायत, धुरपताबाईंचा श्रावण. धुरपताबाई घाबरल्या, म्हणाल्या, "न चाखता एवढं शिजवायलाव, खारट झालं तर?" मी म्हणलं, नैवेद्याचं पुरण कोणी चाखून करतं का? देवाच्या आधी कोणी तोंडात घालत नाही. लग्न झाल्यापासून मी न चाखता गावाचं पुरण करते, आजवर एकाही घरातून गोड कमी म्हणून पोळी परत आली नाही. हाताला आणि नाकाला कळतं. मांस असलं म्हणून माझा हात बदलत नाही.

रस्सा, तव्यावरचं आणि वडे टिकणारे नव्हते. बाह्यवळणाच्या रस्त्यावर बंगालकडचे मजूर कामाला आहेत. त्यांच्यात श्रावण नसतो असं धुरपताबाईंनी आधी विचारून घेतलं. शनिवार, रविवार दोन्ही दिवस तिथे नेऊन वाढलं. त्यांच्यातला एक म्हातारा पहिला घास खाऊन थांबला तेव्हा मीही वाढायची थांबले. तो म्हणाला, "नमक बराबर है, मौसी." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

काल श्रावणी सोमवार. सकाळी माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करून मी उरलेल्या शेवटच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळत अंगणात बसले होते. ते दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नव्हते म्हणून. दुपारी बाराच्या सुमारास माझे दीर वीरभद्र हालकुडे, राहणार औसा रोड, दार न वाजवता मागच्या बाजूने आले. हातात मोबाईल होता. त्यांनी मला विचारलं,

"वहिनी, लिंग अंगावर हाय का तुमच्या?"

"हाव, हाय. कुठं जाईल?"

"आन हात कशात हायत?"

"दिसंना व्हय? परातीत."

"लिंग घालून मांस चिवडायलीस? सोमवारी? लाज हाय का न्हाई तुला?"

वीरभद्र मला पस्तीस वर्षं अहोजाहो करत आले आहेत. या वाक्यापासून अगंतुगं केलं. हे नमूद करावं.

मी त्यांना सांगितलं की, लिंग उतरवून ठेवलं असतं तर मी लिंगायत कसली राहिले असते? जन्मल्यावर गळ्यात बांधलं ते बाळंतपणात काढलं नाही, दवाखान्यात ऑपरेशनला काढलं नाही. काम कोणतंही असो, ते अंगावरच असतं. त्यावर ते म्हणाले, "बाटवलंस तू ते. आता मठात स्वामींकडं देतो. आन तुझ्या हातचं पुरण आता गावात कोण घेतंय ते बघतो." असं म्हणून त्यांनी माझ्या पदराखाली हात घातला, शिवदारा, म्हणजे लिंगाची डबी ज्यात ओवलेली असते तो दोरा, ओढून तोडला आणि डबी घेऊन निघून गेले. जाताना परात लाथेने पालथी केली. ते तुकडे मातीत गेले. शेवटी गटारातच घालावे लागले. मानेवर वळ उठला आहे तो साहेबांनी पाहिला आहे.

साहेबांनी विचारलं की, तुम्ही अडवलं का नाही, आरडाओरडा केला का नाही, हात धरला का नाही. याचं उत्तर नीट लिहावं. माझे हात मांसाचे होते. त्या हातांनी मी लिंगाला शिवू शकत नव्हते. म्हणून मी दोन्ही हात लांब धरून बसून राहिले. दीर म्हणतो मी बाटवलं. मी हात उचलले असते तर बाटलं असतं. मी उचलले नाहीत, म्हणून त्याला नेता आलं.

आणखी एक गोष्ट मी समक्ष पाहिली आहे. वाकून दारा ओढताना वीरभद्रच्या शर्टाच्या वरच्या गुंड्या उघड्या होत्या. त्याच्या गळ्यात लिंग नव्हतं. मला नवल वाटलं नाही. ते त्याच्या देवघरात खिळ्याला असतं, लग्नाकार्यात फोटोपुरतं गळ्यात येतं. याचा मी आजवर कुठे उच्चार केला नव्हता, आज करते.

साहेब चांदीच्या डबीचं वजन विचारत आहेत आणि चोरीचं कलम लावू म्हणतात. चांदीची चोरी लिहू नये. डबी त्याला ठेवू द्या, मोडून खाऊ द्या. आतलं लिंग मला पाहिजे. आमच्यात माणूस गेलं की त्याचं लिंग त्याच्या हातात देऊन पुरतात. ते माझ्याबरोबर मातीत जायचं आहे. ते जिवंतपणी कोणी काढून नेलं तर त्याला कोणतं कलम लागतं ते तुमच्या पुस्तकात शोधा.

आज सकाळी जाऊबाई उमादेवी यांना मी फोन केला. त्या म्हणाल्या की, स्वामींकडे कोणी गेलेलं नाही, डबी टीव्हीखालच्या कपाटात आहे. "बाटलंय म्हून आमी हात लावीना, वयनी." दीर कुठे आहेत विचारलं, तर जेवायला बसले होते. म्हणजे कालपासून त्या लिंगावर पाण्याचा थेंब नाही, विभूती नाही, बेलाचं पान नाही. भर श्रावणात. लिंगपूजेशिवाय मी अन्नपाणी घेत नाही, ते माझं मी बघून घेईन, त्याची तक्रार नाही. ते कपाटात उपाशी आहे, ही माझी तक्रार आहे.

हा जबाब जमादारांनी माझ्या बोलीत उतरवून घेतला आणि दोनदा वाचून दाखवला. एके ठिकाणी "सदर महिलेने मांसाहार केला" असं आलं होतं ते खोडायला लावलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे आणि खरं आहे. ठाण्यातल्या पोलीस बाईसाहेबांनी समोर पाण्याचा ग्लास ठेवला आहे. तो झाकून ठेवावा. लिंग आलं की घेईन.