अक्षरांचा बाक

कोणी सांगितलं तुम्हाला, की मी तिला मुद्दाम मागे ठेवलंय? बसा आधी. तिथे नको, ती खुर्ची उद्या शेवटच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी पुसून ठेवलीये — इथे बसा, या बाकावर. लहान आहे, पण मावाल, गुडघे जरा आडवे घ्या. हां. हाच तुमच्या लेकीचा बाक बरं का. अक्षरांचा बाक. आमच्याकडे असंच असतं, ताई — खिडकीकडे गोष्टीचे बाक, मध्ये वाक्यांचे, मग शब्दांचे, आणि दाराजवळ हा. ज्याला जेवढं वाचता येतं, तिथे तो बसतो. मुलांनाही बरं पडतं, आपण कोण ते रोज कळतं. आता सगळी पोरं सरकत सरकत खिडकीकडे गेली, आणि इथे तुमची एकटी. मला काय आनंद होतो का? मुलं तिला राखणदार म्हणतात, दारापाशी बसते म्हणून. मी पण हसते कधी कधी, खोटं कशाला सांगू.

तुम्ही म्हणता, ती घरी वाचते. सगळ्याच आया म्हणतात. घरी वाचणं वेगळं आणि तपासणीत वाचणं वेगळं. तपासणी म्हणजे कशी — मूल समोर उभं, कागद हातात, मी म्हणायचं 'वाच', आणि मनात तीन म्हणेपर्यंत तोंडातून आवाज यायला हवा. नाही आला, की फुली. पुढची ओळ. तिथेही नाही आला, की तो कागद काढून घ्यायचा आणि सोपा द्यायचा. वाक्यं नाही तर शब्द, शब्द नाही तर अक्षरं. नियम माझा नाही, वरून आलाय. आणि तुमची काय करते? कागद घेते आणि बघत बसते. ओठ मिटलेले, नुसते डोळे फिरतायत. आधी अख्खी ओळ डोळ्यांनी पिऊन घेते आणि मग एका दमात बोलून टाकते, जशी काही कोणाशी गप्पा मारतेय. तोवर फुली पडलेली असते ना. मी काय तिच्यासाठी हात धरून बसू?

बोलून टाकते असं म्हटलं का मी? बरं, म्हटलं. ऐकलंय मी तिला, त्यात लपवण्यासारखं काय. परवा मधल्या सुट्टीत, जिन्याखाली, पहिलीतल्या एका रडक्या पोरीला जवळ घेऊन वाचून दाखवत होती — कोल्ह्याची गोष्ट. गोष्टीच्या बाकांचं पुस्तक ते, अक्षरवाल्यांनी त्याला हात लावायचा नाही. कोल्ह्याचा आवाज वेगळा, कोंबडीचा वेगळा. ती रडकी रडायची थांबली. मी खांबाआड उभी होते. छान वाचत होती हो. माझ्या खिडकीकडच्यांपेक्षा — असो. मग मी काय केलं? पुस्तक काढून घेतलं. म्हटलं, कोणाला विचारून घेतलंस? सगळ्यांसमोर विचारलं, कारण शिस्त सगळ्यांसमोरच लागते. तेव्हापासून ती माझ्यापुढे तोंड उघडत नाही. साधी अक्षरं विचारली तरी नाही. 'क'वर बोट ठेवते आणि माझ्याकडे बघते, जशी काही मीच नापास झालेय.

मग तेव्हाच तिला पुढच्या बाकावर का नाही नेलं, हेच ना? कशी नेऊ? वर्षभर प्रत्येक तपासणीला मी सांगत आलेय, हिला अक्षरंसुद्धा येत नाहीत. मोठ्या बाईंना सांगितलं, साहेबांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं. आता एकदम गोष्ट वाचते म्हटलं, तर पहिला प्रश्न काय येईल? इतके दिवस तपासत कोण होतं? केस पांढरे झाले माझे या कामात. उद्या ती गप्प राहिली, तर माझा वर्ग गेला — सगळी पोरं वाचली की दारावर 'वाचणारा वर्ग' अशी पाटी लागणारे, खिळासुद्धा ठोकून घेतलाय. आणि उद्या तिनं वाचलं, तर मी गेले. तुम्हीच सांगा, मी तिला ठेवू कुठे? म्हणून म्हणते, उद्या घरी ठेवा. गैरहजर मुलं हिशेबात धरत नाहीत. अंग गरम लागतंय म्हणून कळवा, झालं.

पुढच्या वर्षी ना, पुढच्या वर्षी ती मागच्या खोलीत जाईल, मंद मुलांच्या — तसं म्हणायचं नाही आता, सावकाश शिकणाऱ्या. शेवटची तपासणी नसेल तर आधीचीच धरतात. तिथे गर्दी नाही, वारा चांगला येतो. आणि तिला काय, कुठेही बसवली तरी बघतच बसायचंय.

नको, नको, हाक मारू नका तिला. बाहेर पायरीवर बसलीये, तिथेच बरी आहे. आत्ता वाचून दाखवेल, मला माहितीये. पण मी ऐकलं, तर मला ऐकलेलं धरावं लागेल.

डोळे पुसा ताई, पोरगी दारातून बघेल. बरं, एक विचारायचं राहिलं — धाकटा पुढच्या वर्षी पहिलीत येणार ना? बघितलाय मी, गोड आहे, सारखी टकळी चालू असते. पहिलीपासून सगळ्यांची वाचन तपासणी माझ्याकडेच असते. तोही बहिणीसारखा आधी बघत बसणारा निघाला, तर कुठल्या बाकावर जाईल, कोणी सांगावं? धमकी नाही हो ही. माझा स्वभावच नाही तो, कोणालाही विचारा, सगळे मला गरीब बाई म्हणतात. मी आपलं तुमच्या घरचं समजून बोलतेय. समजलं ना? मान हलवू नका नुसती, तोंडानं सांगा. हां. असं पटकन बोलायचं असतं, बघा. तिला हेच जमत नाही.

उठा आता, मला फळा पुसायचाय. तिला काही कारण सांगत बसू नका, लहान मुलांना कारणं कळत नाहीत. आणि दार ओढून घ्या जाताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गणवेश घालून दाराशी तयार उभी होती. आईने खाली बसून तिच्या पायातले बूट काढले, आणि तिला ताप आलाय हे सांगायला शेजारच्या काकूंना शाळेत पाठवलं.