यानाचा स्वयंपाकी

(लाँड्रीच्या माडीवर विज्ञानकथाप्रेमी मंडळाची खोली. टेबलावर मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाची मुद्रितं. भोवती वहिनी, मंडळाचे अध्यक्ष असलेले त्यांचे धाकटे दीर आणि इतिहास लिहिणारे दातांचे डॉक्टर.)

वहिनी – शुद्धलेखनाच्या चुका काढायला बोलावलंत ना मला? एकही नाही. बाकी सगळंच चुकलंय.

डॉक्टर – काकू, पान सांगा, लगेच बदलतो.

वहिनी – पान चार. 'कप्तानांनी, म्हणजे अध्यक्षांच्या दिवंगत थोरल्या बंधूंनी, मंडळ स्थापन केले. त्यांच्या सुविद्य पत्नीने यानाची स्वयंपाकी या नात्याने चहाची बाजू समर्थपणे सांभाळली.' कुणी सांगितलं हे तुम्हाला?

डॉक्टर – कुणीच नाही. हजेरीच्या वहीत नावंच नाहीत. नुसते हुद्दे. कप्तान, वैमानिक, यंत्रज्ञ, स्वयंपाकी. मग मी आपला... अंदाज बांधला.

वहिनी – छान बांधलात. कवळी बसवावी तसा. अहो, ही खोली म्हणजे आमचं अंतराळयान, आणि नियमच होता तो. दाराशी छत्री टांगायची, तिथंच पृथ्वीवरचं नाव टांगून आत यायचं. बँकेचा साहेब यंत्रज्ञ, खालचा लाँड्रीवाला वैमानिक. ज्या माणसाने मंडळ काढलं त्याने कप्तान व्हायचं, बाकीच्यांनी चिठ्ठ्या उचलायच्या. टेलिफोन खात्यात दिवसभर लोकांची नावं जोडून मला नावांचा वीट आला होता, म्हणून मी केला तो नियम.

डॉक्टर – म्हणजे कप्तान...

वहिनी – तुमच्यासमोर बसलीय. सहाशे बारा बैठका घेतल्यात मी. परग्रहावरच्यांना मंडळाचं सभासदत्व द्यावं का, यावर मतदान घेतलं, तेव्हा हे भाऊजी तटस्थ राहून दोन्ही पक्षांचा चहा पीत होते.

भाऊजी – वहिनी, डॉक्टर नवे आहेत. एवढं मनाला लावून घेऊ नका.

वहिनी – डॉक्टर नवे आहेत. तुम्ही कधीपासून नवे झालात? प्रत्येक पानावर तुमची सही आहे. वाचलंत की नुसतीच ठोकलीत?

भाऊजी – वाचलं.

वहिनी – आणि?

भाऊजी – आणि म्हटलं, राहू दे. पन्नाशीच्या समारंभाला दादाच्या ऑफिसातले लोक येणार, त्याच्या हाताखालचे इंजिनियर येणार. त्यांच्यादेखत दादाच्या फोटोखाली काय लिहायचं, स्वयंपाकी? हसतील हो लोक. तुम्हाला तर सगळे ओळखतात. तेवढं त्याला द्या.

वहिनी – माझं मी देऊनही टाकलं असतं, मागितलं असतंत तर. पण तुम्ही त्यांचं काढून घेताय.

भाऊजी – काढून कुठे घेतोय? बढती देतोय.

वहिनी – यांच्या नावे स्वयंपाक्याची चिठ्ठी निघाली, तेव्हाही तुम्हीच ती गुपचूप बदलायला निघाला होतात. हे म्हणाले, 'हात लावू नकोस. यान भरकटलं तर कप्तानाला शिव्या बसतात, चहा मात्र सगळ्यांना लागतो.' ऑफिसात ते साहेब झाले, कारण परीक्षा पास झाले. घरात थोरले झाले, कारण आधी जन्मले. आपल्या हौसेनं आयुष्यात एकच झाले, त्याची तुम्हाला लाज वाटते.

डॉक्टर – अध्यक्ष, मी पान बदलतो.

भाऊजी – थांबा हो जरा. वहिनी, मला एवढंच सांगा. दादाला कप्तान म्हटलं, तर त्याला वाईट वाटलं असतं?

वहिनी – हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मी उशाशी बसले होते. डोळे उघडून म्हणाले, 'कप्तान, आज चहाला उशीर होईल.' तेच त्यांचं शेवटचं वाक्य. आता तुम्हीच सांगा भाऊजी, ते कुणाशी बोलत होते?